पाहुणे किती दिवस?

नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत आमचा छापखाना आहे. आमचा म्हणजे मालकांचा. मी तिथे सव्वीस वर्षं कंपोझिंग करते. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, शाळांची प्रगतिपुस्तकं, डॉक्टरांची पॅडं, निवडणुका आल्या की पत्रकं. मराठीत एम.ए. केलं तेव्हा कॉलेजात शिकवायचं मनात होतं. ते झालं नाही, आणि त्याबद्दल मी आता कुणाशी बोलत नाही. पण भाषेचं काम सुटलं नाही. गिऱ्हाईक हिंदीत नाहीतर इंग्रजीत मजकूर आणून देतं आणि मी त्याचं मराठी करते. प्रूफही मीच पाहते. आमच्या छापखान्यातून ऱ्हस्व-दीर्घाची चूक बाहेर जात नाही, याचा मला अभिमान होता. अजूनही आहे थोडा.

माझ्या टेबलामागे, खिडकीखाली, बाइंडिंगवाली बसते. घड्या घालणं, पिना मारणं, गठ्ठे बांधणं हे तिचं काम. माझ्यानंतर दोन वर्षांनी ती लागली, म्हणजे जवळजवळ सगळं आयुष्य आम्ही एकमेकींच्या पाठीला पाठ लावून काढलं. तिचे वडील छत्तीसगडमधून इथल्या कापडगिरणीत कामाला आले होते. ती जन्मली नागपुरात, शिकली इथल्या पालिकेच्या शाळेत, लग्नही चार गल्ल्या सोडून झालं. घरी ती छत्तीसगढी बोलते, आमच्याशी मराठी, आणि चिडली की हिंदी. दुपारी आम्ही डबे एकत्र उघडतो. तिच्या डब्यात कधी तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरे असतात, ते मी हक्काने उचलते. ती मला दीदी म्हणायची.

विधानसभेच्या निवडणुकीला अजून बराच वेळ होता तेव्हाची गोष्ट. चाळिशीचा एक माणूस छापखान्यात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. एका अपक्ष उमेदवाराचा प्रचार तो सांभाळत होता. उमेदवारी अजून भरायची होती, पण तयारी सुरू झाली होती.

"ताई, पत्रक करायचं आहे," तो म्हणाला. "पण रस्ते, नाल्या, नळाचं पाणी, ते नको. ते सगळेच लिहून राहिले. हे ऐका."

त्याने एक फोन माझ्यापुढे धरला. परदेशातल्या एका पुढाऱ्याची सभा होती. कोणता देश ते मी लिहीत नाही. असे देश आता एक-दोन राहिलेले नाहीत आणि वाचणाऱ्याला आपापला आठवेलच. माझं इंग्रजी बऱ्यापैकी आहे, त्यामुळे भाषण समजलं. बाहेरून लोक येतात, आपली कामं घेतात, आपले दवाखाने भरतात, आपल्या पोरांच्या जागा बळकावतात, आता पुरे झालं, देश आपण परत घेणार, असा एकूण आशय होता. माणूस बोलतो मात्र छान. लहान लहान वाक्यं, मध्ये थांबायचं, मग समोरची गर्दी तेच वाक्य ओरडते.

"हे मराठीत पाहिजे," तो म्हणाला. "असंच. लोकांच्या तोंडात बसलं पाहिजे."

"पण इथे बाहेरचे म्हणजे कोण?" मी विचारलं.

"ते आपण कायले सांगायचं? तो तरी कुठं नाव घेते? ज्याले जो वाटला तो त्याचा."

हे ऐकून मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. मला समोर दिसत होतं ते भाषेचं काम. सरळ भाषांतर केलं तर ते मेलेलं होतं. 'आपला देश परत घेऊ या' म्हटलं की लायब्ररीतून कुणी पुस्तक नेलंय आणि ते मागायला निघालोय असं वाटतं. 'बाहेरच्यांना बाहेर काढा' अंगावर येत होतं, आणि त्याला ते तसं नको होतं. दोन दिवस मी तेच घोळवत बसले. तिसऱ्या दिवशी भाजी चिरताना ओळ सुचली. पाहुणे किती दिवस? खाली बारीक टायपात 'घर आपलं, हक्क आपला'. एवढंच.

प्रचारवाल्याने ते वाचलं. पुन्हा मोठ्याने वाचलं. मग टेबलावर हात मारला.

"हेच," तो म्हणाला. "हेच पाहिजे होतं."

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. सव्वीस वर्षांत माझ्या एखाद्या वाक्यावर कुणी असा हात मारला नव्हता. ओळ कुणालाही टोचत नव्हती, कुणाचं नाव घेत नव्हती, घरात रोज बोलतो तशी होती. मी स्वतःला म्हटलं, हे तर गमतीचं वाक्य आहे.

पत्रकं छापून झाली आणि बाइंडिंगवालीपुढे गठ्ठे आले. दिवसभर ती घड्या घालत होती. तिचा हात इतका भरधाव चालतो की कागदाचा आवाज पंख्यासारखा एकसारखा येत राहतो. संध्याकाळच्या सुमारास तो थांबला.

"दीदी," ती म्हणाली, "यातले पाहुणे म्हणजे कोण जी?"

मी स्क्रीनवरून मान वळवली नाही. "काही नाही वं. निवडणुकीचं असतं असंच."

"बरं," ती म्हणाली, आणि कागदाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

पुढच्या दीड-दोन महिन्यांत ते वाक्य कुठे कुठे गेलं ते मी पाहत होते. चौकाचौकात फ्लेक्स लागले. ऑटोवर भोंगा लावून ते फिरवलं गेलं. लोकांनी फोनवर स्टेटस ठेवलं. इथवर ठीक, ते प्रचाराचं काम होतं. पण मग ते पत्रकावरून उतरून माणसांच्या तोंडी गेलं. बाजारात एक बाई भाजीवाल्याशी भाव करत होती. तो मध्य प्रदेशातला, वर्षानुवर्षं तिथेच बसणारा. भाव जमला नाही तेव्हा ती जाता जाता म्हणाली, "पाहुणे किती दिवस?" आजूबाजूचे हसले. तोही हसला, कारण दुसरं काय करणार. मी मेथी न घेता पुढे गेले. घरी येईपर्यंत स्वतःशीच भांडत होते की वाक्याचा दोष नाही, बाईचा आहे.

त्याच सुमारास दादाचा फोन आला. दादा माझा मोठा भाऊ. कोराडीच्या वीज केंद्रात नोकरी करून निवृत्त झाला, मग कॉलनी सोडून शहरात फ्लॅट घेतला. त्याचा एकुलता एक मुलगा त्या भाषणवाल्या देशात कामाला आहे. सून तिथेच, नात तिथेच जन्मली. दादा रोज सकाळी बागेत जातो, तिथे निवृत्त मंडळींचा गट आहे, आणि त्या गटाने अपक्ष उमेदवाराचं काम अंगावर घेतलं होतं.

"काय वं," दादा म्हणाला, "तुझं वाक्य तर गाजून राहिलं. बागेत मी सगळ्याइले सांगितलं, हे माझ्या बहिणीचं आहे."

"तुला कसं माहीत?"

"अवं, त्या प्रचारवाल्याले तुझ्याकडे पाठवलं कोण? मीच."

मला तेव्हाही छान वाटलं. दादाने माझ्या कामाचं कौतुक केल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

गणपती उठले आणि आठवड्याभरात बाइंडिंगवालीने जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता एक कागद माझ्यापुढे ठेवला. निवडणूक कार्यालयाची नोटीस होती. मतदार यादीतल्या तिच्या नावावर कुणीतरी हरकत घेतली होती. ती दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, कायमची दुसरीकडे गेली आहे, म्हणून नाव वगळावं, असं हरकतीत लिहिलं होतं. तिने सुनावणीला हजर राहून म्हणणं मांडायचं होतं. तशीच नोटीस तिच्या शेजारी राहणाऱ्या धाकट्या भावालाही आली होती.

"पाहायला कुणी आलं नव्हतं का घरी?" मी विचारलं.

"आले असतील. मी इथं, नवरा कामावर. कुलूप पाहून गेले असतील." मग तिने कागदावर खालच्या बाजूला बोट ठेवलं. "हे वाचा."

तिथे हरकत घेणाऱ्याचं नाव होतं. मी ते वाचलं. परत वाचलं.

"तुमचे दादाच ना हे?" ती म्हणाली. "यांच्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिका इथंच झाल्या. मीच घड्या घातल्या होत्या. पूर्ण नाव होतं त्याच्यावर."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती. मी हो म्हणाले. ती म्हणाली, "मले तर ते ओळखत बी नाही." आणि खरंच, हाच प्रश्न होता. दादा तिला ओळखत नव्हता.

त्या दिवशी छापखाना सुटल्यावर मी सरळ दादाकडे गेले. वहिनी मंदिरात गेली होती. दादा टीव्हीसमोर बसला होता, गुडघ्याला पट्टा बांधून. मी नोटिशीचा फोटो काढून आणला होता, तो त्याच्यापुढे धरला. त्याने चष्मा लावून वाचला.

"असेल," तो म्हणाला. "गठ्ठा आणला होता त्याइनं बागेत. भरलेलेच होते फॉर्म. आम्ही सगळ्याइनं थोडे थोडे घेतले आणि सह्या केल्या."

"वाचले नाहीस?"

"एकेक काय वाचायचं? बोगस नावं काढायची होती. यादी साफ व्हायले पाहिजे का नाही?"

"दादा, ही बोगस नाही. ही माझ्या पाठीमागे बसते. चोवीस वर्षं."

"मग जाऊन सांगेल ती तिथं. खरं असेल तर नाव राहीन. त्यात काय?"

"एक दिवसाची मजुरी जाईल तिची."

"तुले तिचाच पुळका," दादा म्हणाला. मग जरा समजुतीने, "हे पाह्य. त्या एकीचं सोड. पण बाहेरून येऊन येऊन वस्त्या झाल्या का नाही? आपल्या पोराइले कामं नाही."

"तुझा पोरगा कुठे आहे?"

"त्याचं वेगळं आहे. तो शिकून गेला. परवानगी काढून गेला. चोरून नाही घुसला."

"हिच्या वडलांनाही चोरून यावं लागलं नव्हतं. याच देशातल्या याच देशात आले. गिरणीला माणसं पाहिजे होती."

"तू नको त्याले मधात आणू," दादाचा आवाज चढला. "माझ्या पोराची आणि त्या लोकाइची बरोबरी नको करू."

मी नोटिशीचा फोटो बंद केला. मग विचारलं, "प्रचारवाल्याने मला एक भाषण दाखवलं, तुझ्या पोराच्या देशातलं. ते त्याला तू दिलंस का? तुला कुठे मिळालं?"

"मिळालं म्हणजे? पोरानंच पाठवलं." त्याने फोन काढला आणि बरंच मागे जाऊन तो निरोप मला दाखवला. भाषणाची तीच चित्रफीत होती. खाली भाच्याने लिहिलं होतं, 'बाबा, इथे आता उघड उघड असं बोलतात. लोक टाळ्या वाजवतात. आम्हाला काळजी वाटते.'

मी ती ओळ दादाला मोठ्याने वाचून दाखवली.

"हो, ते वाचलं होतं मी," दादा म्हणाला. "पण माणूस बोलते काय ते पाह्य ना. असा बोलणारा आपल्याकडे कोण आहे? म्हणून मी त्या प्रचारवाल्याले दिलं, म्हटलं असं काही करा."

एवढ्या सहज सांगितलं त्याने. मुलाने घाबरून पाठवलेली गोष्ट बापाने नमुना म्हणून पुढे दिली होती, आणि तो नमुना माझ्या टेबलावर आला होता. मला ओरडावंसं वाटलं. पण कुणावर ओरडणार? मी म्हटलं, "हरकत मागे घे. तू स्वतः जाऊन सांग की मी न वाचता सही केली."

"गुडघा पाह्यला का माझा? आणि असं लिहून दिलं तर माझ्यावरच येईन ते." मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्याला ते टोचायचं नव्हतं, तो नुसता खरं ते बोलला. "वाक्य तर तुझंच आहे ना वं."

मी वहिनी यायच्या आत निघाले.

सुनावणीला मी तिच्याबरोबर गेले. मालकांनी सुट्टी दिली, हे त्यांचं मोठेपण. तिने एका पिशवीत सगळं आणलं होतं. वीजबिल, रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, आईच्या मृत्यूचा दाखला, आणि वडलांचं गिरणीतलं ओळखपत्र, फोटो पिवळा पडलेलं. बाकड्यांवर तिच्यासारखेच बरेच लोक होते. बहुतेक मजूर, दिवस बुडवून आलेले. काहींच्या हातात घडी केलेली पत्रकंही होती, पाठकोऱ्या बाजूवर पत्ता नाहीतर फोन नंबर लिहून आणलेला. मी ती ओळखली. आमच्याच कागदाची होती.

आमची पाळी आली तेव्हा टेबलामागच्या अधिकारी बाईंनी हरकतदाराचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. त्यांनी 'गैरहजर' असं लिहिलं. मग तिला म्हणाल्या, "तुम्ही कुठं राहता?"

तिने पत्ता सांगितला आणि पिशवीतलं एकेक काढून टेबलावर मांडायला लागली. बाईंनी वीजबिल पाहिलं, तिचा चेहरा पाहिला.

"बस, एवढं पुरे," त्या म्हणाल्या. "बाकीचं ठेवा."

"हे पण पाहा ना मॅडम," ती म्हणाली आणि ओळखपत्र पुढे केलं. "माझे वडील. इथं नोकरी होती त्याइले."

अधिकारी बाईंनी ते हातात घेतलं, उलटून पाहिलं, आणि परत दिलं. "त्याची गरज नाही. तुमचं नाव राहील."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. कायद्याला वीजबिल पुरत होतं. पण ती ओळखपत्र पिशवीत ठेवत होती तेव्हा तिच्याकडे पाहणं मला जड गेलं. तिच्या धाकट्या भावाचं नाव पुकारलं तेव्हा तो नव्हता. तो मिस्त्री, रामटेककडच्या एका बांधकामावर गेला होता, आणि ठेकेदार सोडत नाही असं त्याने कळवलं होतं. तो खरोखरच त्या दिवशी पत्त्यावर नव्हता. पुढे त्याचं नाव यादीतून गेलं.

परत येताना ऑटोत ती म्हणाली, "तुम्ही आल्या, बरं झालं मॅडम."

दीदी नाही, मॅडम. मला वाटलं कार्यालयात सारखं मॅडम मॅडम म्हणून तोंडात बसलं असेल. दुसऱ्या दिवशीही तिने मॅडमच म्हटलं. आणि त्यानंतरही.

भाच्याला मी निरोप पाठवला की तुझ्या चित्रफितीचं इथे काय झालं ते माहीत आहे का. त्याने रविवारी फोन केला. मी सगळं सांगितलं.

"आत्या, मी ते घाबरून पाठवलं होतं," तो म्हणाला. "आम्ही आता दुकानात गेलो की आपसात मराठी बोलत नाही. हळू आवाजातसुद्धा नाही. पोरीला सांगून ठेवलं आहे, बाहेर आजीचा फोन आला तर उचलायचा नाही."

"हे तुझ्या बाबांना सांग ना. एकदा सांग."

"नको. तूही नको सांगू. बाबांना बीपी आहे. आणि ते अभिमानाने सांगतात सगळ्यांना, मुलगा तिथे आहे म्हणून. ते मोडायचं नाही मला."

मी वचन दिलं. त्या वचनाचा मला पुढे फार त्रास झाला. भाऊबीजेला दादाला ओवाळलं तेव्हा तो पाहुण्यांना सांगत होता की मुलगा मजेत आहे, नात तिथली भाषा फाडफाड बोलते, तिथला नवा कडकपणा आपल्या लोकांच्या भल्याचाच आहे. माझ्या हातात ताट होतं. एक वाक्य बोलले असते तर तो चूप झाला असता. मी करंजी खाल्ली आणि घरी आले.

त्या दिवसांत मला एक खूळ लागलं. मी उलट बाजूचं वाक्य शोधत होते. म्हटलं, जर मीच ते लिहू शकले तर त्याचं उत्तरही मलाच लिहिता आलं पाहिजे. मालकांना विचारून पदरच्या कागदावर छापेन, वाटेन. रोज सकाळी चहाबरोबर वही घेऊन बसायचे. 'ज्याने हे शहर बांधलं तो पाहुणा कसा', हे भाषण झालं. 'आपणही कुठून तरी आलोच', हे कुणाला पटत नाही, उलट राग येतो. जे खरं होतं ते लांब होतं. तिचे वडील अमुक साली आले, त्यांना कुणी बोलावलं, ती कुठल्या शाळेत गेली, कोणत्या पत्त्यावर वीजबिल येतं. ते पत्रकावर मावत नव्हतं, भोंग्यावर तर नाहीच. चुकीचं तीन शब्दांत बसलं होतं आणि बरोबर बसेना. मी वही बंद केली. मला माझ्या कामाचाच वीट आला.

मतदानाच्या दिवशी बाइंडिंगवाली सकाळीच मत देऊन आली. बोटाची शाई तिने मालकांना दाखवली, मला नाही. अपक्ष उमेदवार पडला, चांगला आपटला. प्रचारवाल्याचा फोन कित्येक दिवस बंद होता. यावर मला समाधान वाटायला हवं होतं. पण शेवटच्या पंधरवड्यात इतर उमेदवारही सभांमधून बाहेरच्यांबद्दल बोलायला लागले होते. कुणी माझ्याच शब्दांत, कुणी थोडे फिरवून. ज्याने ते आणलं तो हरला आणि ज्यांनी ते उचललं त्यांतला एक निवडून आला. दादा म्हणाला, "पाह्यलं ना, मुद्दा तर बरोबरच होता."

निकालानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी आम्ही डबे उघडले. आम्ही अजूनही एकत्रच जेवत होतो, फक्त बोलणं कमी झालं होतं. मी ठरवून आले होते.

"ते पत्रक मी लिहिलं होतं," मी म्हणाले. "पाहुण्यांचं. प्रचारवाल्याने नाही, मी."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. इथून जाते ते सगळं तुम्हीच लिहिता ना."

"मग बोलली काहून नाहीस?"

"विचारलं होतं ना मी. पाहुणे म्हणजे कोण म्हणून."

ती जेवत राहिली. मग म्हणाली, "एक सांगा मॅडम. खरं सांगा. लिहिताना माझा विचार आला होता का तुम्हाले?"

आला होता आणि मी तो बाजूला सारला असं सांगणं सोपं झालं असतं. त्यात निदान झगडल्यासारखं वाटलं असतं.

"नाही आला," मी म्हणाले.

तिने मान हलवली. तिला ते अपेक्षित असावं. डब्याचं झाकण लावून ती उठली, हात धुऊन आली, आणि गठ्ठे बांधायला बसली. शाळांच्या वह्यांचं काम होतं, संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. मी पण वळून कामाला लागले.

तिच्या भावाचं नाव परत यादीत घालायला नव्याने अर्ज करावा लागतो. तो मी भरून दिला, मीच म्हटलं होतं भरते म्हणून. पहिल्यांदा कळलं की पत्त्याचा पुरावा चालत नाही, कारण दोन्ही घरांना मीटर एकच आणि वीजबिल थोरल्या बहिणीच्या, म्हणजे बाइंडिंगवालीच्या, नावावर आहे. दुसऱ्यांदा घरमालकाचं पत्र पाहिजे म्हणाले. घर त्यांचं स्वतःचं आहे, झोपडपट्टीतलं, त्याला मालक कुठून आणणार? तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो कामावर होता आणि सही त्याचीच लागत होती. येत्या मंगळवारी पुन्हा जायचं आहे. त्याने ठेकेदाराला सांगून ठेवलं आहे. बाइंडिंगवाली म्हणाली, तुम्ही नाही आल्या तरी चालते मॅडम, आम्ही जाऊ. मी म्हणाले, येते.